गर्दी त्यांची, गल्ला त्यांचा. घाम तेवढा आमचा!



'पर्यटन वाढले पाहिजे' हे वाक्य आता कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडते. मंत्री बदलतात, सरकारे बदलतात, पण हे वाक्य काही बदलत नाही. आता पर्यटन वाढते तेव्हा नेमके काय वाढते, याचा हिशेब मांडू. रिसॉर्टच्या खोल्या वाढतात, जमिनीचे भाव वाढतात, तिकिटांचे दर वाढतात, गाड्यांतली आणि रस्त्यांवरची माणसे वाढतात. आणि ही माणसे वाहून नेणारे, त्यांची तिकिटे फाडणारे, त्यांच्या पायाखालचा रूळ राखणारे, त्यांची टपाल-पार्सले पोचवणारे हात? ते मात्र वर्षागणिक कमी होतात. आमच्या म्हणण्याचा सारा मुद्दा एवढाच आहे. बाकीचा लेख म्हणजे त्याचा पुरावा.

आम्ही लिहितो आहोत जबलपूरच्या नेपियर टाउनातून. एका बाजूला मदनमहल स्टेशन, दुसऱ्या बाजूला भंवरताल बाग, मध्ये जुने बंगले आणि नवी हॉटेले अशी ही वस्ती. १८७० साली मुंबईहून आलेली जीआयपी रेल्वे आणि हावड्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाल्या, आणि मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग पुरा झाला. रेल्वे, टपाल आणि तोफगाडीच्या कारखान्याच्या नोकरीपायी मराठी माणूस या शहरात आला आणि इथलाच झाला. १ एप्रिल २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय इथे आहे. आरएमएसचा 'जेबी' डिव्हिजनही इथलाच. कान्हा, बांधवगड, पेंचच्या जंगलांकडे निघालेला प्रवासी इथे उतरतो. भेडाघाटचा धुवांधार आणि संगमरवरी कडे पाहायला येणारा इथेच उतरतो. भेडाघाट-लम्हेटाघाटचे नाव २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेले, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. नर्मदामैया जशी त्यांची तशी आमचीही. पण गर्दी म्हणजे काय हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळत नाही, खिडकीच्या जाळीतून कळते.

पहिली किंमत कोण मोजतो?

जबलपूरपासून जवळच नर्मदेवर बरगीचे धरण आहे. १९९० मध्ये ते भरले. आधी सरकारी हिशेबात १०१ गावे बुडायची होती. प्रत्यक्षात १६२ गावांना पाण्याचा फटका बसला आणि लाखाहून अधिक माणसे उठली. त्यांतली किती तरी जबलपूरच्या झोपड्यांत आली, रिक्षा ओढू लागली, हमाली करू लागली. काहींनी संघटित होऊन जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मागितला आणि लढून १९९४ मध्ये तो सहकारी संघासाठी मिळवला. पुढे तो हक्कही टिकू दिला गेला नाही. आणि त्याच पाण्याच्या काठावर पर्यटन खात्याने रिसॉर्ट उभारले, बोटी आणल्या, 'निसर्गाच्या कुशीत या' म्हणून जाहिराती केल्या. ज्याचे शेत त्या पाण्याखाली आहे तो सूर्यास्त पाहायला तिकीट काढून येईल काय? पर्यटनाच्या नकाशावर विस्थापिताचे गाव दाखवत नाहीत. दाखवायला ते उरलेलेच नसते.

महाराष्ट्रातली गोष्ट वेगळी नाही. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडले आणि 'तिकीट काढून मौज' हा प्रकार मराठी मध्यमवर्गाच्या घरात शिरला. २०१३ मध्ये खोपोलीजवळ त्याहून मोठे इमॅजिका आले. मग पाण्याचे उद्यान आले, बर्फाचे आले, हॉटेल आले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीच्या किनाऱ्यावर 'सी वर्ल्ड' नावाच्या उद्यानाची योजना निघाली आणि सुमारे १३९० एकर जमिनीची भाषा झाली. मासे पाहायला १३९० एकर! ज्यांच्या पिढ्या मासळीवर आणि माडांवर जगल्या त्या ग्रामस्थांनी विचारले, 'आमचे काय?' त्यांनी विरोध केला. मग जागा कमी करण्याची भाषा सुरू झाली. गावकरी एकजुटीने उभे राहिले की १३९० चा आकडा आपोआप लहान होतो, हा यातला धडा. तो आपणही लक्षात ठेवावा.

फाटकाच्या आत आणि फाटकाच्या बाहेर

बंधूंनो, या उद्यानांची रचना नीट पाहा. आत सगळे मोजलेले असते. पाळण्यात किती बसणार, रांग किती लांब जाणार, आज किती तिकिटे विकायची, सारे मालक ठरवतो. जागा भरली की तो फाटक लावून घेऊ शकतो. आतल्या प्रत्येक माणसामागे त्याच्या गल्ल्यात पैसे पडतात.

फाटकाच्या बाहेर मात्र कोणीच काही मोजत नाही. बाहेरचा रस्ता सार्वजनिक, स्टेशन सार्वजनिक, पूल सार्वजनिक, पोस्ट सार्वजनिक, सरकारी दवाखानाही सार्वजनिक. कर्जत-खोपोलीसारख्या एकेरी मार्गावरचा स्टेशन मास्तर 'आज माणसे पुरे झाली' म्हणून फाटक लावू शकतो काय? बुकिंग क्लार्क 'हाउसफुल्ल'ची पाटी टांगू शकतो काय? उद्यानाची गर्दी म्हणजे कमाई आणि स्टेशनची गर्दी म्हणजे 'कर्मचाऱ्यांची बेपर्वाई'! एकाच माणसाचे दोन हिशेब. तो आत असेतोवर नफा खाजगी, बाहेर पडला की भार सार्वजनिक. खाउजा धोरण, म्हणजे खाजगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरण, याचा अर्थ समजून घ्यायला याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

लोणावळ्याचे भुशी धरण रेल्वे कामगाराला नव्याने सांगायला नको. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवे म्हणून जीआयपी रेल्वेच्या काळात ते बांधले गेले. इंजिने गेली, पाणी राहिले, आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथे मुंबई-पुण्याचे लोक लोटू लागले. भोवती हॉटेले आणि बंगले वाढत गेले. ३० जून २०२४ रोजी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत मुले होती. मग आदेश निघाले, वेळा ठरल्या, बंदी आली. आधी का नाही? कारण गर्दी येईपर्यंत ती 'विकास' असते. माणसे मेल्यावरच ती 'सुरक्षेचा प्रश्न' होते.

पुलाची रुंदी कोणी वाढवायची?

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. तो पूल गिरणगावाच्या काळातला. गिरण्या बंद पडल्या, गिरणी कामगार देशोधडीला लागला, आणि त्याच जमिनीवर टोलेजंग कचेऱ्या, मॉल, हॉटेले, करमणुकीचे अड्डे उभे राहिले. लाखो नवी माणसे रोज तिथे उतरू लागली. गिरण्यांच्या जमिनीतून कोट्यवधी उभे राहिले, पण जिन्याची एक पायरी रुंद झाली नाही. अपघातानंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल बांधला गेला. म्हणजे पूल बांधता येत होता! पैसाही होता, पोलादही होते. नव्हती ती इच्छा. पुढच्या वर्षी स्टेशनचे नावही बदलले. नाव बदलणे सर्वांत स्वस्त पडते. गार्डचा 'ट्रेन मॅनेजर' झाला, तेव्हाही ड्युटी तीच राहिली होती.

२०२५ च्या महाकुंभाचे दिवस तर आम्ही जबलपूरकरांनी जवळून पाहिले. प्रयागराजकडे जाणारा रेल्वेमार्ग जबलपूर-कटनी-सतना असा जातो आणि रस्ताही कटनी-मैहर-रीवा असाच. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागल्या. मध्यप्रदेश पोलिसांना जागोजाग गाड्या अडवून लोकांना परत फिरायची विनंती करावी लागली. त्याआधी २९ जानेवारीला मौनी अमावास्येच्या पहाटे प्रयागराजला चेंगराचेंगरी झाली होती. सरकारी आकड्याप्रमाणे ३० माणसे गेली. १५ फेब्रुवारीला नवी दिल्ली स्टेशनवर १८ माणसे गेली.

यात्रेकरू हा रिसॉर्टचा गिऱ्हाईक नव्हे, हे आम्ही जाणतो. तो श्रद्धेने येतो, डोक्यावर बोचके घेऊन येतो, जनरल डब्यात उभा राहून येतो. पण त्याला बोलावणारी जाहिरात आता पर्यटनाच्याच भाषेत होते. 'इतके कोटी आले' हा आकडा यशाचा म्हणून मिरवला जातो. आकडा मोठा झाला की श्रेय वरच्यांचे, आणि जिन्यावर अपघात झाला की चौकशी खालच्यांची! आता २०२७ चा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आणि २०२८ चा उज्जैनचा सिंहस्थ आहे. मनमाड, नाशिकरोड, इगतपुरी, भुसावळच्या बांधवांनी आतापासून विचारले पाहिजे: तंबूंच्या नगराचा आराखडा तयार होतो, तसा माणसांच्या ड्युटीचा आराखडा कुठे आहे?

आकडे बोलतात

१९९०-९१ मध्ये भारतीय रेल्वेने सुमारे ३८६ कोटी प्रवासी नेले. तेव्हा रेल्वेत साडेसोळा लाखांच्या आसपास कामगार होते. २०१८-१९ मध्ये प्रवासी झाले सुमारे ८४४ कोटी, आणि कामगार राहिले सव्वाबारा लाखांच्या घरात. प्रवासी दुपटीहून अधिक, कामगार चार लाखांनी कमी. डिसेंबर २०२२ मध्ये तीन लाखांहून अधिक अराजपत्रित पदे रिकामी असल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले.

यावर साहेब लोक म्हणतील, 'वाफेची इंजिने गेली, संगणक आले, सिग्नल आपोआप पडतात. तितकी माणसे लागतात कशाला?' यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. कोळसा फेकणारा फायरमन आज लागत नाही, हे खरेच. तिकिटे मोबाईलवर निघतात, हेही खरे. पण मोबाईल जिन्यावरची गर्दी पांगवत नाही. चुकलेले मूल शोधत नाही, घेरी आलेल्या म्हातारीला पाणी देत नाही. रुळाला तडा गेला तर रात्रीच्या थंडीत तो पाहायला ट्रॅकमनच चालत जातो. यंत्राने काही कामे कमी केली, गर्दीने दुसरी वाढवली. हिशेब दोन्हींचा करा. एकाच बाजूची वजाबाकी करून पदे गोठवू नका.

आणखी एक गोष्ट प्रत्येक शाखेने नीट समजून घ्यावी. रेल्वे कायदा, १९८९ प्रमाणे 'सतत' प्रकारच्या कामगाराला दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तासांहून अधिक काम देता येत नाही. पण 'मूलतः खंडित', म्हणजे ज्याला आपण ई.आय. रोस्टर म्हणतो, त्यात ही मर्यादा आठवड्याला ७५ तासांपर्यंत जाते. चाळीस वर्षांपूर्वी दिवसात चार गाड्या थांबणाऱ्या स्टेशनला किंवा निर्जन फाटकाला हा रोस्टर लागला, तेव्हा तो कदाचित योग्यही असेल. आज त्याच फाटकावरून रिसॉर्टच्या गाड्या रात्रभर जात असतील, तर काम 'खंडित' राहिले कुठे? फाटकवाल्याची फक्त झोप खंडित होते! अशा प्रत्येक जागी नव्याने जॉब अ‍ॅनालिसिस मागणे हा आपला हक्क आहे. अर्ज करा, नोंदी ठेवा, लिहून मागा.

टपालवाल्याची पायपीट

पर्यटनाचा भार म्हटला की टपाल कामगार कोणाला आठवत नाही. पण डोंगरात, किनाऱ्यावर, धरणाकाठी जी 'दुसरी घरे' उभी राहतात, त्या प्रत्येक दाराचा पत्ता कोणा तरी पोस्टमनच्या बीटमध्ये येतो. मालक शहरात, घराला कुलूप, टपाल आणि पार्सल घेऊन पुन्हा फेरी. बंगले वाढले, हॉटेले वाढली, पार्सले वाढली, बीट मात्र जुनीच. शनिवार-रविवारच्या कोंडीत तासभर सायकल हातात धरून उभा राहिलेल्या पोस्टमनचा तो तास कोणत्या नियमात मोजतात?

त्याहून वाईट स्थिती ग्रामीण डाकसेवकाची. २००१ मध्ये 'खात्याबाहेरचा' हे नाव जाऊन 'ग्रामीण डाकसेवक' हे नाव आले. पुन्हा नावच बदलले! २०१८ पासून त्याचे काम चार तास आणि पाच तास अशा दोन गटांत मोजले जाते. कागदावर चार तास, अंगावर दिवसभर. पर्यटन गावात जमिनीचे, भाज्यांचे, घरभाड्याचे भाव चढतात. ते चार तासांच्या भत्त्यात कसे बसवायचे? ज्या गावात तो टपाल वाटतो, त्याच गावात भाड्याची खोली त्याला परवडेनाशी होते. विकास म्हणतात तो हाच काय?

रेल्वेलाच उद्यान करण्याचा घाट

आता तर रेल्वेच उद्यानासारखी चालवायचा विचार दिसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'भारत गौरव' योजना आली: खाजगी चालकाने रेल्वेची गाडी घ्यायची आणि एखाद्या 'थीम'वर ती सहलीसाठी चालवायची. जून २०२२ मध्ये पहिली अशी गाडी कोइम्बतूरहून शिर्डीला आली. ऑगस्ट २०२१ च्या मालमत्ता चलनीकरणाच्या यादीत शेकडो स्टेशने होती, डोंगरी रेल्वेही होत्या. आमच्याच पश्चिम मध्य रेल्वेत भोपाळचे हबीबगंज स्टेशन खाजगी भागीदारीत नव्याने बांधून नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती या नावाने उघडले गेले. चकाचक आहे, नाकारत नाही. पण स्टेशन झगमगू लागले की पहिला प्रश्न विचारावा: हमालाला बसायला जागा आहे काय, जनरलच्या प्रवाशाला फुकट पाणी आहे काय, सफाई कामगार ठेकेदाराचा की रेल्वेचा? आणि ज्येष्ठ नागरिकांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेताना 'पैसा नाही' हे कारण कसे सापडते?

आम्ही सहलीच्या विरोधात नाही

कोणी म्हणेल, ही मंडळी लोकांच्या आनंदावर उठली आहेत. मुळीच नाही. पास आणि एल.टी.सी. घेऊन आम्हीही पोराबाळांना समुद्र दाखवायला नेतो. फुरसत ही काही श्रीमंतांनी दिलेली भेट नव्हे, ती कामगार चळवळीने मिळवलेली गोष्ट आहे. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास स्वतःसाठी, ही मागणी आपलीच. ८ मे १९७४ रोजी देशभरची रेल्वे थांबली तेव्हा मागण्यांत लोको रनिंग स्टाफच्या कामाच्या तासांची मागणीही होती. मग एकाच्या फुरसतीसाठी दुसऱ्याची विश्रांती हिरावून घ्यायची, हा कुठला न्याय? प्रवासी आमचा शत्रू नाही. गर्दीत तोही चिरडतो, आम्हीही चिरडतो. शत्रू आहे तो हा उफराटा हिशेब.

'पण रोजगार मिळतो ना?' असाही सवाल येतो. मिळतो. हंगामापुरता, ठेकेदारामार्फत, फंडाशिवाय. जमिनीचा मालक असलेला शेतकरी त्याच जमिनीवरच्या हॉटेलात पहारेकरी होतो, याला रोजगार म्हणायचे की घसरण? तिथल्या कामगारालाही आपल्या युनियनची गरज आहे, आणि आपल्यालाही त्याची.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. कोणत्याही मोठ्या रिसॉर्ट, उद्यान वा मेळ्याला परवानगी देण्याआधी जवळच्या स्टेशनची, पुलाची, रस्त्याची, पोस्टाची आणि दवाखान्याची क्षमता मोजावी व ती लोकांसमोर मांडावी.

२. ज्याच्या धंद्यामुळे गर्दी वाढते त्याच्याकडून सार्वजनिक सोयींसाठी ठराविक वाटा घ्यावा. तो सवलत म्हणून माफ होता कामा नये.

३. गर्दीच्या हंगामात जादा गाड्यांबरोबर जादा माणसे द्यावीत. रद्द झालेल्या विश्रांतीच्या बदली सुट्टी लेखी आणि मुदतीत मिळावी.

४. पर्यटन केंद्रांजवळची स्टेशने व फाटके यांचे जॉब अ‍ॅनालिसिस नव्याने करावे. ई.आय. रोस्टरची सक्ती उठवावी.

५. पोस्टमनच्या बीटची फेरमोजणी करावी. ग्रामीण डाकसेवकाला प्रत्यक्ष कामाच्या तासांप्रमाणे वेतन व पेन्शन द्यावी.

६. रिकामी पदे कायम भरतीने भरावीत, ठेकेदारीने नव्हे.

७. जमीन घेताना ग्रामसभेची संमती हा देखावा नसावा, अट असावी.

८. अपघात झाल्यास चौकशी खालच्या कर्मचाऱ्यापाशी थांबू नये. परवानगी कोणी दिली आणि पद कोणी गोठवले, इथपर्यंत ती जावी.

बांधवांनो, या मागण्या अर्जाच्या फाइलीत पडून राहू द्यायच्या नसतील तर एक काम आजपासून करता येईल. प्रत्येक शाखेने आपल्या स्टेशनची, आपल्या पोस्टाची नोंदवही घालावी. कोणत्या दिवशी किती जादा गाड्या, किती माणसे ड्युटीवर, किती रिकामी पदे, किती तास जादा, किती विश्रांती बुडाली, हे तारीखवार लिहावे. साहेबांच्या टेबलावर भावना टिकत नाही, वही टिकते. भेडाघाटची वही, लोणावळ्याची वही, नाशिकरोडची वही आणि कणकवलीची वही एकत्र आली की जो आकडा निघेल, त्याला कोणत्याही मंत्र्याला उत्तर द्यावे लागेल. तोंडवळीच्या ग्रामस्थांनी १३९० एकरांना हिशेब विचारला. आपण आपल्या तासांचा विचारू.

कामगार एकजुटीचा विजय असो!